नागपूर अधिवेशनात अशासकीय विधेयक : नव्या स्वीय सहायकांसाठी कामाची वाट

हिवाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की आधी शुक्रवार मोजा. २०२२ चं नागपूर अधिवेशन १९ ते ३० डिसेंबर चाललं, त्यात शुक्रवार दोन. २०२३ चं ७ ते २० डिसेंबर, त्यातही दोन. २०२४ चं १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ चं ८ ते १४ डिसेंबर, त्यात एकेकच. आमदारांच्या स्वतःच्या विधेयकांना आणि ठरावांना वेळ मिळतो तो शुक्रवारी, तोही दिवसाच्या शेवटी. म्हणजे वर्षभर ज्या विषयावर आमदार साहेब गावोगाव बोलले, त्याचं विधेयक नागपुरात मांडायला एक दुपार मिळते. ती हुकली तर पुढचं काम मुंबईत, अर्थसंकल्पी अधिवेशनात. म्हणून या कामाची सुरुवात डिसेंबरात करून चालत नाही. दिवाळीचे फटाके वाजण्याआधी मसुदा टेबलावर हवा.

मंत्री नसलेला प्रत्येक सदस्य हा अशासकीय सदस्य, मग तो सत्ताधारी बाकावरचा असो की विरोधी. विधानसभेचे २८८ आणि विधानपरिषदेचे ७८, यातले मंत्री वगळता कोणीही विधेयक आणू शकतो. नव्या सहायकांचा इथेच पहिला गोंधळ होतो. सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला वाटतं, आपलं सरकार आहे, आपण कशाला विधेयक आणायचं. आणायला काहीच आडकाठी नाही, आणि अनेकदा खात्याला हलवायला तोच सरळ रस्ता ठरतो.

आता कडू भाग. अशासकीय विधेयक मंजूर होऊन कायदा होणं फार दुर्मीळ. संसदेत आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मधलं. राज्यांची कथा फार वेगळी नाही. तरीही हे काम वाया जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते अशासकीय सदस्य म्हणूनच. ते तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती पुढे १९४९ च्या अधिनियमाने. विधेयक मांडलं की तीन गोष्टी हाती लागतात : विषयाला क्रमांक आणि छापील मसुदा मिळतो, चर्चेला आलं तर मंत्र्याला सभागृहात भूमिका घ्यावी लागते, आणि ती भूमिका कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, कायमची राहते. मतदारसंघातल्या लोकांना हेच आधी सांगून ठेवा. ‘साहेबांनी कायदा केला’ असा फलक चौकात लागला की पुढच्या वर्षी तोच फलक अंगावर येतो.

विधेयकाचा विषय आहे का, हे आधी तपासा

आमदार निवासात येणाऱ्या निवेदनांपैकी बहुतेकांना विधेयक लागतच नाही. रस्ता, रोहित्र, शाळेची पदभरती, पीकविम्याचे अडकलेले पैसे : हे तारांकित प्रश्नाचं किंवा नियम १०५ खालच्या लक्षवेधीचं काम. योजनेची अट बदलायची असेल तर शासन निर्णय पुरतो. नियमात बदल हवा असेल तर खातं राजपत्रात अधिसूचना काढून तो करू शकतं. अधिनियमाच्या कलमातच अडथळा असेल, तेव्हाच विधेयक. हे ठरवायला एकच प्रश्न पुरेसा आहे : ‘उद्या मंत्र्याने मनात आणलं तर तो हे स्वतःच्या सहीने करू शकतो का?’ उत्तर होय असेल तर विधेयकाचा नाद सोडा.

दुसरी चाळणी घटनेच्या सातव्या अनुसूचीची : कोणत्या विषयावर केंद्राने कायदा करायचा, कोणत्यावर राज्याने आणि कोणत्यावर दोघांनीही, हे ती ठरवते. राज्यसूचीत पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन हे विषय आहेत. तिथे मोकळं मैदान. समवर्ती सूचीत शिक्षण, वने, वन्यप्राण्यांचं संरक्षण येतं (हे तिन्ही १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिकडे गेले). तिथे केंद्राचा कायदा आधीच असेल आणि आपलं कलम त्याच्या विरोधात जात असेल, तर अनुच्छेद २५४ आडवा येतो. राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्याशिवाय ते टिकत नाही. ताडोबाच्या आसपासच्या आमदारांनी वाघाच्या हल्ल्यातली भरपाई वाढवण्याचा विषय घेतला तर तो योजनेतून सुटतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमाला हात लावायला गेलं की गाडं अडतं.

आणि वेगळा विदर्भ. दर डिसेंबरात कोणी तरी विचारतंच, म्हणून लिहून ठेवतो : नवं राज्य करण्याचा अधिकार अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचा. विधानसभेत त्याचं विधेयक येऊ शकत नाही. अशासकीय ठरावाची सूचना देता येते, ती स्वीकारली जाईल की नाही हा पुढचा भाग.

पैसा कुठे लागतो, ते बघा

विधेयकं मरतात ती बहुधा इथे. घटनेच्या अनुच्छेद २०७ चे तीन तुकडे पाठ करा.

राज्याचा कर लावणारं, बदलणारं किंवा रद्द करणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही, आणि ते विधानपरिषदेत सुरू होत नाही. आधीच मांडलेल्या विधेयकाला कर कमी किंवा रद्द करणारी दुरुस्ती सुचवायला मात्र ही शिफारस लागत नाही. ही सवलत फार जणांना माहीतच नसते. दंड, परवाना शुल्क किंवा स्थानिक संस्थेने लावायचा कर एवढ्याच कारणाने विधेयक या कोंडीत सापडत नाही. म्हणून महापालिकेच्या मालमत्ता कराबद्दलचं विधेयक बघून घाबरायचं कारण नाही.

तिसरा तुकडा जास्त नडतो. विधेयक अमलात आलं तर राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च होणार असेल, तर राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृह ते संमत करू शकत नाही. विधेयक मांडलं जातं, फोटो निघतात, आणि पुढे ते जागच्या जागी बसतं. मसुद्यात ‘प्रत्येक तालुक्यात एक प्राधिकरण स्थापन करण्यात येईल’ हे एक वाक्य आलं की पदं आली, पदं आली की वेतन आलं. शक्यतो नवं प्राधिकरण निर्माण करू नका. आहे त्याच अधिकाऱ्यावर, तहसीलदारावर किंवा गटविकास अधिकाऱ्यावर, कर्तव्य टाका. खर्च अटळच असेल तर विधेयकासोबतच्या वित्तीय ज्ञापनात, म्हणजे खर्चाच्या टिपणात, आकडा द्या. ‘खर्च नगण्य आहे’ असं लिहून मोकळं झालं की मंत्र्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

मूळ कायद्याची आजची प्रत मिळवा

नवा स्वतंत्र कायदा लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या खेपेला ‘सुधारणा विधेयक’च घ्या, तीन-चार खंडांचं (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात), एका पानात मावणारं. त्यासाठी ज्या अधिनियमात सुधारणा करायची, त्याची अद्ययावत प्रत हवी. सिव्हिल लाईन्समध्ये शासकीय मुद्रणालयाचं ग्रंथागार आहे, तिथून अधिकृत प्रत घ्या आणि त्यानंतरच्या सुधारणा राजपत्रांवरून तपासा. वकिलाच्या कपाटातलं जुनं पुस्तक चालणार नाही.

नागपूरच्या लोकांची एक ठरलेली चूक आहे. इथल्या महापालिकेला पूर्वी नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, १९४८ लागू होता. तो रद्द होऊन आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तरी जुन्या कायद्याची कलमं टाकलेली निवेदनं अजून येतात. तसंच ‘मुंबई’ नावाचे अनेक अधिनियम आता ‘महाराष्ट्र’ झाले : मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला, मुंबई ग्रामपंचायत अधिनियम हा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. अधिनियम क्रमांक मात्र तोच राहिला, १९५१ चा २२ आणि १९५९ चा ३. नाव नवं आणि क्रमांक चुकीचा, किंवा क्रमांक बरोबर आणि नाव जुनं, यात मसुदा परत येतो.

मसुदा

रचना ठरलेली आहे, तिच्याशी कसरत करू नका. वर दीर्घ शीर्षक : ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम यामध्ये आणखी सुधारणा करण्याकरिता विधेयक.’ मग ‘ज्याअर्थी, यात यापुढे दर्शविलेल्या प्रयोजनांसाठी … आणखी सुधारणा करणे इष्ट आहे, त्याअर्थी, भारतीय गणराज्याच्या … वर्षी, याद्वारे, पुढील अधिनियम करण्यात येत आहे’. ही गणराज्याची वर्षं मोजताना हमखास चूक होते. २६ जानेवारीनंतरच्या तारखेसाठी इसवी सनातून १९४९ वजा करा : डिसेंबर २०२५ म्हणजे शहात्तरावं वर्ष. जानेवारीच्या पहिल्या पंचवीस दिवसांत एक कमी.

पहिला खंड संक्षिप्त नाव व प्रारंभ. प्रारंभात ‘शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास’ असं लिहिलं, तर कायदा मंजूर होऊनही अधिसूचना निघेपर्यंत झोपून राहतो. छोट्या सुधारणेला ‘तो तात्काळ अमलात येईल’ हेच बरं.

दुसऱ्या खंडापासून खरं काम. नमुना म्हणून, ग्रामसभेचं इतिवृत्त लोकांना वेळेत दिसावं असा विषय घेऊ. ग्रामसभेच्या सभांचं कलम ७ आहे. खंड असा उतरेल :

‘२. मुख्य अधिनियमाच्या कलम ७ मध्ये, शेवटी, पुढील पोट-कलम जादा दाखल करण्यात येईल :— “(…) ग्रामसभेच्या प्रत्येक सभेचे इतिवृत्त, सभेच्या दिनांकापासून पंधरा दिवसांच्या आत, पंचायतीचा सचिव पंचायत कार्यालयाच्या सूचना फलकावर लावील.”’

कंसातला क्रमांक आजच्या प्रतीतल्या शेवटच्या पोट-कलमाच्या पुढचा. शेवटी भर टाकायची तर ‘जादा दाखल करण्यात येईल’, मध्ये घालायची तर ‘समाविष्ट करण्यात येईल’, बदलायचं तर ‘…ऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल’, काढायचं तर ‘वगळण्यात येईल’. हे चार शब्दप्रयोग अदलाबदल करून वापरले की अर्थच फिरतो.

त्याहून महत्त्वाचं क्रियापद. ‘लावील’ म्हणजे बंधन. ‘लावू शकेल’ म्हणजे मर्जी. ‘लावावे’ हा परिपत्रकाचा सूर आहे, कायद्यात तो ढिला पडतो. सभेत भाषण करणाऱ्या माणसाने लिहिलेल्या मसुद्यात ‘प्रयत्न करण्यात येईल’, ‘योग्य ती दखल घेण्यात येईल’ असली वाक्यं असतातच. ती सगळी काढा. कोण करील, किती दिवसांत करील, नाही केलं तर काय होईल : या तिन्हींचं उत्तर खंडात मिळालं पाहिजे. वरच्या नमुन्यात तिसऱ्याचं उत्तर नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल तर तुम्ही मसुदा वाचायला शिकलात. सचिवाने इतिवृत्त लावलंच नाही तर? कोणाकडे तक्रार, किती दिवसांत निकाल, दंड किती? दंड ठेवलात तर कमाल रक्कम लिहा.

शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन, त्याखाली सदस्याची सही. हे एक पान मंत्री, पत्रकार आणि सभागृह, सगळे वाचतात. खंड फार थोडे वाचतात. दहा-बारा ओळी, आज काय अडचण आहे आणि विधेयक ती कशी सोडवतं एवढंच. खंडांत कुठे ‘विहित करण्यात येईल’ आलं असेल तर शासनाला नियम करायचा अधिकार दिला गेला, मग वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचं ज्ञापन जोडावं लागतं. ते राहून गेल्याने परत आलेले मसुदे थोडे नाहीत. सुधारणा विधेयकाला मूळ कलमाचा उतारा परिशिष्टात जोडा.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे विधेयक मराठीत. पण न्यायालयात वाद गेला तर अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. म्हणून मराठी वाक्य असं लिहा की त्याचा इंग्रजीत एकच अर्थ निघेल. लांबलचक वाक्याचे दोन अर्थ मराठीत खपतात, तिथे खपत नाहीत.

सूचना देणं

सूचना म्हणजे विधेयक मांडायचं आहे असं विधिमंडळ सचिवालयाला लेखी कळवणं. ती देण्याची शेवटची तारीख सचिवालयाच्या पत्रकातून घ्या. गेल्या वर्षीच्या अंदाजावर जाऊ नका. अधिवेशन आठवडाभर मागेपुढे झालं की सगळ्या मुदती सरकतात. विधिमंडळ सचिवालयाचा मुख्य डेरा अधिवेशनाच्या तोंडावर नागपुरात येतो, तोवर कागदाचं काम मुंबईच्या विधानभवनातून चालतं. नागपूर विधानभवनात २०२१ पासून सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष आहे, तिथे आधी विचारपूस करा. कागद कुठे आणि कसा द्यायचा हे फोनवर ऐकून न घेता लेखी विचारा. पोच घ्या, पोचेवर दिनांक आणि शिक्का बघा, आणि तिचा फोटो काढून ठेवा. डिसेंबरात कोणाच्या टेबलावर काय आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

सही आमदारांची स्वतःची हवी. लेटरहेडवर शिक्का मारून भागवण्याची सवय इथे चालणार नाही. सचिवालय मसुदा नमुन्याच्या दृष्टीने तपासतं आणि त्रुटी कळवतं. ती दुरुस्ती दोन दिवसांत करून द्यायची तयारी ठेवा. ज्याने मसुदा लिहिला तो वकील त्या आठवड्यात लग्नाला गेलेला असतो, हे गृहीत धरून चाला आणि टंकलेखनाची, बदल करता येईल अशी फाइल स्वतःजवळ ठेवा.

विधेयकांची संख्या जास्त आणि वेळ कमी, म्हणून क्रम ठरतो. चर्चेला आपलं विधेयक अकराव्या क्रमांकावर असेल तर ते या अधिवेशनात येणार नाही, असं साहेबांना स्पष्ट सांगा. निदान मांडलं तर जाईल, हे समाधान ठेवा.

तो शुक्रवार

आदल्या रात्री कामकाजाचा क्रम हाती आला की आपल्या विधेयकाचं नाव, क्रमांक आणि सदस्याचं नाव अक्षरशः बोट ठेवून वाचा. सकाळी आमदार निवासातून निघायला उशीर करू नका. मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात, टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटच्या बाजूला अडवले जातात, आणि सिव्हिल लाईन्सकडे जाणारे रस्ते फिरवले जातात. गाडीपेक्षा मेट्रो बरी. झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क स्थानकावर उतरून चालत या. तर्री-पोहे नंतर खा, आधी प्रवेशिका गळ्यात घाला.

आमदारांच्या हातात एकच कागद द्या, मोठ्या अक्षरात : ‘अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी सन … चे विधानसभा विधेयक क्रमांक … , महाराष्ट्र ग्रामपंचायत (सुधारणा) विधेयक पुरःस्थापित करण्यास सभागृहाची अनुमती मागतो.’ परिषदेत ‘सभापती महोदय’ आणि ‘विधानपरिषद विधेयक’. पुरःस्थापित करणं म्हणजे मांडणं. या क्षणी भाषण नसतं. अनुमतीचा प्रस्ताव मतास टाकला जातो, बहुधा आवाजी होकार मिळतो, आणि सदस्य म्हणतात, ‘मी विधेयक पुरःस्थापित करतो.’ दोन मिनिटांचं काम आहे. पण पुकारा होताना सदस्य जागेवर नसेल तर ती दोन मिनिटंही जातात. शुक्रवारी दुपारी हे फार होतं : कोणी विमानाच्या वेळेकडे बघत असतं, कोणी लॉबीत पत्रकारांना बाइट देत असतं. चहाला जाऊ देऊ नका.

गणपूर्तीचंही तसंच. विधानसभेत सदस्यसंख्येचा दहावा भाग, म्हणजे २९ जण हवेत, परिषदेत दहा. अधिवेशनाच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी कोणी गणपूर्तीचा मुद्दा काढला की घंटा वाजते, आणि २९ जमले नाहीत तर बैठक तिथेच थांबते. आपल्या जिल्ह्यातल्या चार-पाच आमदारांच्या सहायकांशी दुपारीच बोलून ठेवा.

विधेयक ‘विचारात घेण्यात यावे’ या टप्प्यापर्यंत पोचलं तर मंत्री उत्तर देतात. ते साधारण असंच असतं : सदस्यांच्या भावना योग्य आहेत, शासन याबाबत सकारात्मक आहे, समिती नेमू, म्हणून विधेयक मागे घ्यावं. मागे घेण्याआधी साहेबांनी एक मुदत मागितली पाहिजे : ‘शासन हे विधेयक कोणत्या अधिवेशनात आणणार?’ मंत्र्याने ‘पुढील अधिवेशनात’ असं म्हटलं तर ते आश्वासन होतं, आणि त्याच्या मागे लागता येतं. ‘तपासून पाहू’ यावर मागे घेतलं तर हातात काही उरत नाही. ही चिठ्ठी आधीच लिहून साहेबांच्या खिशात ठेवा. मंत्र्याचं उत्तर सुरू असताना सुचत नाही.

नंतर

अधिवेशन संस्थगित झालं, म्हणजे संपवलं गेलं, म्हणून मांडलेलं विधेयक संपत नाही. अनुच्छेद १९६ तसं सांगतो. मार्चमध्ये मुंबईत ते पुन्हा क्रमात येऊ शकतं. विधानसभा विसर्जित झाली की मात्र तिथे पडून असलेली सगळी विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधीच्या विधानसभेतलं एखादं विधेयक पुन्हा उचलायचं असेल तर नवी सूचना, नवा क्रमांक, आणि गणराज्याचं वर्षही नवं. परिषद विसर्जित होत नाही. तिथे मांडलेलं आणि विधानसभेने अजून संमत न केलेलं विधेयक विधानसभेच्या विसर्जनाने मरत नाही. दीर्घ पल्ल्याचा विषय असेल तर परिषदेतल्या आमदाराचं दार का ठोठवावं, याचं हे कारण.

सोमवारी तीन कागद फायलीला लावा : पुरःस्थापित विधेयकाची छापील प्रत, त्या दिवशीच्या कार्यवृत्तातला आपला भाग, आणि मंत्र्याचं आश्वासन असेल तर त्याची नोंद. कार्यवृत्तात सदस्याचं नाव किंवा कलम क्रमांक चुकला असेल तर दुरुस्तीची विनंती लगेच करा. मग संबंधित खात्याच्या सचिवांना पत्र, सोबत मसुदा, आणि एका महिन्यानंतरची तारीख स्वतःच्या डायरीत.